वाचक विचारतात : नवा कंट्रोलर लावला, तरी चाक फिरंना

यावेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं सायकलला बसवायच्या इलेक्ट्रिक किटची आहेत, म्हणून सगळी जागा त्यालाच दिलीय. पेट्रोलचा खर्च वाचवायला लोक स्वतःच्या हातानं किट बसवायलेत हे बघून मला मनापासून बरं वाटतं, पण त्यातल्या बऱ्याच जणांचा कंट्रोलर, म्हणजे बॅटरीचा करंट मोजून-मापून मोटरला सोडणारा डबा, पहिल्या महिन्यातच जळतोय, आणि तो वाचवता आला असता हे पत्र वाचतानाच कळतं, तेव्हा जीव तुटतो. म्हणून उत्तरं जरा लांबली तर सांभाळून घ्या.

दादा नमस्कार. मी कळंब्याचा, कामाला शिरोली एमआयडीसीत. सहा महिन्यांपूर्वी सायकलच्या मागच्या चाकात ३६ व्होल्ट २५० वॅटचं हब मोटरचं किट बसवून घेतलं, लई भारी चालत होती. एक दिवस कावळा नाक्याला सिग्नल सुटल्यावर रेस दिली आणि कट्ट करून आवाज आला, चाक जाम. बघितलं तर मागचा नट सैल झालेला, तो आवळला, पण सायकल काय पळंना. दुकानदार म्हणाला कंट्रोलर गेला. नवीन मागवला, रंगाला रंग जोडून बसवला, तर चाक नुसतं थरथरतंय आणि गुरगुरतंय. हा पण कंट्रोलर खराब आलाय का मोटरच गेली? (एक कामगार वाचक, कळंबा)

भावा, तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू जाता जाता लिहिलीयस, ती म्हणजे मागचा नट सैल झालेला. दुखणं तिथंच आहे, कंट्रोलर त्याच्यामुळं गेला.

हब मोटरमध्ये चाक फिरतं आणि एक्सल जागेवर राहतो, म्हणजे मोटर चाकाला जेवढ्या जोरानं पुढं ढकलते तेवढ्याच जोरानं एक्सलला उलटं पिळते. एक्सल १२ मिलिमीटरचा आणि दोन्ही बाजूनं घासून १० मिलिमीटर केलेला असतो, तेवढी सपाट बाजूच काय ती त्याला फ्रेमच्या खाचेत धरून ठेवते. मोटरनं ३० न्यूटन-मीटरचा पीळ दिला तर त्या एवढ्याशा पट्टीवर तीनशे किलोच्या आसपास जोर येतो. नट घट्ट आहे तोवर चालतं, सैल झाला की एक्सल खाचेतून सटकून गरकन फिरतो आणि एक्सलच्या पोकळीतून बाहेर आलेली केबल त्याच्याबरोबर पिळली जाते. आत मोटरला करंट देणाऱ्या जाड फेजच्या तीन तारा आणि चाक कुठवर फिरलंय हे कंट्रोलरला सांगणाऱ्या हॉल सेन्सरच्या बारीक पाच तारा असतात, त्यांचं आवरण सोलतं, तारा एकमेकींना चिकटतात, आणि कंट्रोलरमधला, करंट चालू-बंद करणारा मॉस्फेट त्या क्षणी जातो. तुला जो कट्ट आवाज आला तो एक्सल सटकल्याचा असणार.

आता नवीन कंट्रोलरवर अजून बॅटरी देऊ नकोस, आधी तपासणी. बॅटरी काढ, मोटर कंट्रोलरपासून पूर्ण सोडव आणि चाक हातानं उलटं फिरव. उलटंच, कारण तुझी मोटर आकारानं लहान गिअरवाली असेल तर तिच्यात क्लच असतो आणि पुढच्या बाजूला ती कायम मोकळीच फिरते, त्यावरून काही कळत नाही. उलटं फिरवताना चाक सारखं अडतंय, झटके देतंय, तर केबलमध्येच दोन फेज जुळल्यात. फेज-फेजमध्ये मल्टिमीटर लावून हे कळत नाही, तिथं चांगल्या मोटरमध्येसुद्धा शून्याच्या जवळच आकडा येतो. पण फेजची कुठलीही तार आणि एक्सल यांच्यात, किंवा फेज आणि हॉलच्या तारांमध्ये मीटर वाजला, तर समजायचं आवरण फाटलंय. मग एक्सलपाशी केबल नीट उघडून बघ, बहुतेक वेळा जखम तिथंच तोंडाशी दिसते.

चाक मोकळं असेल तर पुढं हॉल सेन्सर. याच्यासाठी हॉलचा प्लग तेवढा कंट्रोलरला जोड, फेजच्या तिन्ही तारा सुट्ट्या आणि टेप मारलेल्या ठेव, बॅटरी चालू कर. मीटर २० व्होल्ट डीसीवर, काळी पिन हॉलच्या काळ्या तारेला. लाल तारेवर साधारण ५ व्होल्ट पाहिजेत. मग पिवळी, हिरवी, निळी एकेक करून बघ आणि चाक अगदी हळू उलटं फिरव, प्रत्येक तारेवर आकडा शून्य आणि पाचच्या आसपास असा उड्या मारत राहिला पाहिजे. एखादी तार शून्यावर नाहीतर पाचवर अडकून बसली की तो सेन्सर मेलाय किंवा ती तार तुटलीय. तुझ्या चाकाचं थरथरणं आणि गुरगुरणं हे बहुतेक ह्याचंच लक्षण आहे. सेन्सर फार महाग नसतो, एसएस४१ जातीचा लागतो, पण मोटर उघडायची तर तिन्ही एकदम बदल, परत परत उघडण्यात अर्थ नाही. बसवताना जुन्याची छापील बाजू कुठं होती त्याचा फोटो आधी काढून ठेव, उलटा बसला तर सिग्नलच उलटा येतो.

आणि हॉल तिन्ही चांगले निघाले तर मग प्रश्न फक्त जोडणीचा. रंगाला रंग जोडला असं तू लिहिलंयस, पण मोटर एका कारखान्याची, कंट्रोलर दुसऱ्याचा, रंगांचा असा काही सगळ्यांनी पाळलेला नियम नाही. बऱ्याच कंट्रोलरला एकेका पिनच्या दोन सुट्ट्या पांढऱ्या तारा असतात, त्यावर लर्निंग असं लिहिलेलं असतं. चाक हवेत उचलून धर, त्या दोन एकमेकीला जोड, चालू कर, चाक आपोआप फिरायला लागेल. उलटं फिरलं तर त्या तारा सोडून पुन्हा जोड, दिशा बदलते. सुलटं फिरलं की बंद कर, दोन्ही तारा वेगळ्या करून टेप मार, जोडून ठेवायच्या नाहीत. लर्निंगच्या तारा नसतील तर हॉल आहे तसा ठेव आणि फेजच्या तीन तारांच्या सहा जोडण्या एकेक करून बघ, त्यातली एकच गुळगुळीत चालते, बाकीच्यांत चाक अडतं नाहीतर आवाज करत जास्त करंट खातं. रेस अगदी नावाला द्यायची, दोन सेकंदांपेक्षा जास्त नाही. सापडलेली जोडणी उलटी फिरणारी निघाली तर हॉलच्या पिवळी, हिरवी, निळी यांतल्याच कुठल्याही दोन तारा अदलाबदल करून परत सहा जोडण्या.

नवा कंट्रोलर जिवंत आहे का तेही बघून घे. सगळं सोडवून त्याच्या तिन्ही फेज तारा आणि बॅटरीची निगेटिव्ह यांच्यात ओहम मोज, मग पॉझिटिव्हबरोबर. तिन्हींचे आकडे जवळपास सारखे पाहिजेत. एक शून्याला टेकला असेल तर तो मॉस्फेट गेला.

हे सगळं करून झाल्यावर टॉर्क आर्म, म्हणजे एक्सलला फिरू न देणारी पट्टी, लावल्याशिवाय रस्त्यावर काढू नकोस, हे मी हात जोडून सांगतोय. शिवाजी उद्यमनगरात ५-६ मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पट्टीत बरोबर १० मिलिमीटरची खाच मारून देणारे पाहिजे तेवढे सापडतील, खाच सैल नको, एक्सलवर हातोडीनं हलकं ठोकून बसली पाहिजे. पट्टीचं दुसरं टोक एक्सलपासून निदान १० सेंटिमीटरवर फ्रेमच्या नळीला क्लिपनं आवळायचं, म्हणजे तोच तीनशे किलोचा जोर तिथं तीस किलोवर येतो आणि फ्रेम तो सहज झेलते. केबल एक्सलमधून बाहेर येताना आधी खाली वळवून मग वर घे, म्हणजे पाणी त्या वाटेनं मोटरमध्ये जात नाही.

सर, मी राजारामपुरीत राहते, शिकवण्यांना घरोघरी जाते. पुढच्या चाकात मोटर आहे. परवा भर पावसात ब्रेक लावला तरी सायकल स्वतःहून पुढं ओढत राहिली, कशीतरी भिंतीला टेकवून थांबवली. वाळल्यावर दोन दिवसांनी पुन्हा नीट चालायला लागली. आता वापरू की नको? (एक शिक्षिका)

ताई, तुम्हाला लागलं नाही हे वाचून आधी जीव भांड्यात पडला. वाळल्यावर नीट चालतीय म्हणून वापरायला काढू नका, पुढच्या पावसात हेच परत होईल.

झालं काय असणार ते सांगतो. थ्रॉटल म्हणजे रेसची मूठ, तिच्यातही एक हॉल सेन्सरच असतो, त्याला ५ व्होल्ट मिळतात आणि तो सिग्नलच्या तारेवर, मूठ सोडलेली असताना ०.८ व्होल्टच्या आसपास आणि पूर्ण पिळल्यावर साडेतीन-चारच्या आसपास देतो. कंट्रोलर साधारण एक-सव्वा व्होल्टच्या पुढं गेलं की मोटर चालू करतो. म्हणजे मधलं अंतर अर्धा व्होल्टसुद्धा नाही. प्लगमध्ये पाणी शिरून ५ व्होल्टची पिन आणि सिग्नलची पिन ओली झाली की तेवढं सहज चढतं आणि कंट्रोलरला वाटतं तुम्ही मूठ पिळलीय. थ्रॉटलची काळी तार हँडलपाशी वाकून वाकून तुटली तरी असंच होतं, उलट जास्त वाईट, सिग्नल पाचकडंच धावतो. चांगला कंट्रोलर एवढा व्होल्टेज बघून स्वतः बंद पडतो, स्वस्तातले सगळेच पडतात असं नाही.

पण त्याहून मला काळजी वाटली ती ब्रेकची. किटबरोबर येणाऱ्या ब्रेकच्या लिव्हरमध्ये स्विच असतो, लिव्हर दाबला की मोटर तोडायची हे त्याचं काम. तुमचा तो जोडलेलाच नाही किंवा जोडूनही काम करत नाही. ज्यांनी बसवून दिलं त्यांनी जुनेच लिव्हर ठेवले असतील तर आधी ते बदलून घ्या. तपासायचं असं, पुढचं चाक उचलून धरायला कोणालातरी सांगा, थोडी रेस द्या आणि फिरत्या चाकावर एकेक लिव्हर नुसता एवढासा दाबा, ब्रेकचं रबर रिमला लागायच्या आधीच मोटरचा आवाज थांबला पाहिजे. दोन्ही लिव्हरनी थांबला पाहिजे. नाही थांबला तर आधी कंट्रोलरवरचा कागद वाचून, कंट्रोलरकडच्या ब्रेकच्या प्लगमधल्या दोन तारा क्षणभर एकत्र करून बघायला सांगा. तेव्हा थांबला तर लिव्हरचा स्विच खराब, तेव्हाही नाही थांबला तर प्लग चुकीचा आहे, कारण काही कंट्रोलरला ब्रेकच्या दोन वेगवेगळ्या जाती असतात, एक तारा जुळल्यावर चालणारी आणि एक व्होल्टेज दिल्यावर, आणि ह्या दुसरीत बॅटरीचा व्होल्टेज भलत्या ठिकाणी गेला की कंट्रोलर जातो, म्हणून ते कंट्रोलरवरच्या कागदावर वाचूनच करायचं.

पाण्यासाठी सगळे प्लग उघडून वाळवा, पिनांना सिलिकॉन ग्रीस लावा, प्लगची तोंडं खाली राहतील असे बांधा. कंट्रोलरला प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवतात ते चुकीचं, आत वाफ धरते आणि उष्णताही कोंडते, त्यापेक्षा सीटखाली, तारा खालच्या बाजूला निघतील असा लावा. आणि चावी किंवा बटण हँडलवर हाताला येईल असं पाहिजे, बॅटरीपाशी खाली वाकून बंद करावं लागत असेल तर तसल्या वेळी त्याचा उपयोग नाही. एक शेवटचं, तुमची मोटर पुढं आहे म्हणून विचारतो, चिमटा लोखंडीच आहे ना? ॲल्युमिनियमचा किंवा शॉकॲबसॉर्बरवाला असेल तर मोटर मागं घ्या, ॲल्युमिनियमची खाच वाकत नाही, न सांगता-सवरता मोडते.

नमस्कार, मी शिवाजी विद्यापीठात शिकतो. माझ्याकडं ३६ व्होल्टचा कंट्रोलर आहे आणि मित्राकडून ४८ व्होल्टची लिथियम बॅटरी स्वस्तात मिळतीय. लावली तर चालेल का? आणि कंट्रोलरमधल्या शंटला डाग देऊन पिकअप वाढतो म्हणतात ते खरं आहे का?

दोन्ही गोष्टी चालतात, थोडे दिवस. म्हणून तर लोक फसतात.

४८ व्होल्टची लिथियम-आयन बॅटरी १३ सेलची असते आणि फुल चार्जला ५४.६ व्होल्ट देते, तुझी ३६ व्होल्टची १० सेलची, ती ४२ देते. कंट्रोलर उघडून त्याच्यातल्या मोठ्या गोल कपॅसिटरवर काय छापलंय ते वाच. ५० व्होल्ट असेल तर प्रश्नच मिटला, लावूच नकोस, तो आज ना उद्या फुगणार. ६३ असेल तर तो टिकेल, पण दुसरी अडचण राहते. ३६ वाला कंट्रोलर ३१ व्होल्टच्या आसपास बॅटरी संपली असं समजून थांबतो, आणि १३ सेलच्या बॅटरीला ३९-४० च्या खाली जाऊ द्यायचं नसतं. म्हणजे कंट्रोलर तिला थांबवणारच नाही, सगळा भार बॅटरीतल्या बीएमएसवर, म्हणजे सेलची राखण करणाऱ्या बोर्डवर, आणि मित्राच्या स्वस्त बॅटरीतला बीएमएस कसला आहे हे ना तुला माहीत ना मला.

शंटचं म्हणशील तर शंट म्हणजे कंट्रोलरचा करंट मोजायचा तुकडा. त्याला डाग दिला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो आणि २० अँपिअर जात असताना कंट्रोलर समजतो १५ जातायत. पिकअप वाढतो तो मॉस्फेटच्या, तारांच्या आणि प्लगच्या जिवावर. माझ्या स्वतःच्या सायकलवर सुरुवातीच्या काळात मी हे केलेलं आहे, एका दुकानात कोणीतरी सांगितलं म्हणून, आणि बॅटरीचा प्लग वितळून पिवळा-काळा गोळा झालेला अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, विचारायला येणाऱ्या पोरांना मी तो दाखवतो.

आणि कायद्याचंही बघ. २५० वॅटच्या आतली मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत वेग, तोवर सायकलला नंबर, लायसन, इन्शुरन्स लागत नाही. व्होल्टेज ४२ चा ५४ केलास की वेगही त्याच हिशोबानं चढतो, २५ चे ३२ होतात, आणि मग ती कायद्याच्या नजरेत सायकल राहत नाही. सायकलचे ब्रेक मात्र सायकलचेच राहतात. तुला खरोखर ४८ व्होल्टच पाहिजे असेल तर कंट्रोलरही ४८ चा घे.

मी रिटायर्ड आहे, वय ६३, रोज सकाळी रंकाळ्याला सायकलवरून फेरी असते. ३६ व्होल्ट १० अँपिअर-अवरची बॅटरी आहे. तिच्यावर पन्हाळ्याला जाऊन येणं होईल का?

काका, हिशोब करूनच सांगतो. ३६ गुणिले १०, म्हणजे तुमच्या बॅटरीत ३६० वॅट-अवर. कोल्हापूर ते पन्हाळा वीसेक किलोमीटर, सपाटीला पायडल मारत गेलात तर किलोमीटरला ८ ते १० वॅट-अवर जातात, म्हणजे दीडशे ते दोनशे. वर चढ साधारण ४०० मीटरचा. तुम्ही आणि सायकल मिळून १०० किलो धरलं तर एवढं वजन ४०० मीटर उचलायला निव्वळ १०९ वॅट-अवर लागतात, मोटर आणि कंट्रोलरमध्ये वाया जाणारी धरून दीडशेच्या वर. बेरीज सव्वातीनशे-साडेतीनशे. म्हणजे नवी बॅटरी गडावर पोचेपर्यंत जवळपास रिकामी, आणि दोन वर्षं वापरलेली असेल तर वाटेतच.

त्यात घाटात आणखी एक गोष्ट होते. चढाला मोटर पूर्ण १५ अँपिअर ओढते तेव्हा बॅटरीचा व्होल्टेज तेवढ्यापुरता दोन-तीन व्होल्टनं बसतो. थांबल्यावर मीटरवर ३४ दिसत असले तरी चढाला ते ३१ होतात आणि कंट्रोलर खट्कन बंद करतो, दोन मिनिटांनी परत चालू होतो, माणसाला वाटतं वायर लूज आहे. वायर लूज नसते, बॅटरी संपत आलेली असते.

म्हणून वाघबीळपर्यंत असिस्ट, म्हणजे मोटरची मदत, सगळ्यात कमी ठेवून पायांवर जा आणि बॅटरी घाटासाठी राखा. घाटात वेग १२ च्या खाली येऊ देऊ नका, पायानं जोर लावत राहा, कारण हब मोटर हळू फिरत असताना खाल्लेल्या करंटचा निम्माशिम्मा भाग नुसती उष्णता होतो. मध्ये थांबून मोटरला हात लावून बघा, चटका बसत असेल तर दहा मिनिटं सावलीत विसावा घ्या, तुम्हीही आणि तीही. चार्जर बरोबर न्या आणि वर चहा-झुणका-भाकर होईपर्यंत कुठंतरी लावायची सोय बघा, उतरायला बॅटरी लागत नाही पण खाली आल्यावर घरापर्यंत लागते. उतारावर दोन्ही ब्रेक आलटून पालटून, एकच धरून ठेवू नका.

जुनी १०० सीसीची मोटरसायकल पडून आहे, तिला ऑनलाइन मिळणारं किट बसवून इलेक्ट्रिक करता येईल का? (उचगाव)

आपल्या मनानं नाही. मोटरसायकल नोंदणी केलेलं वाहन आहे, तिचं इंजिन काढून मोटर घालणं म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येणारा बदल. किट एआयएस-१२३ ह्या वाहनांच्या मानकाप्रमाणे मान्यता असलेलं पाहिजे, तेही तुमच्या त्याच मॉडेलसाठी, अधिकृत ठिकाणी बसवलेलं, आणि आरटीओकडून आरसी बुकवर इंधनाचा प्रकार बदलून घेतलेला. ह्यातलं एकही नसेल तर अपघातात इन्शुरन्सवाला हात वर करेल. किटच्या मान्यतेचा कागद विकणाऱ्याकडं आधी मागा, तो नाही म्हणाला तर पुढं बोलूच नका.

आमचं गाव प्रयाग चिखलीच्या बाजूला. पुरात खालच्या खोलीत पाणी आलं आणि इलेक्ट्रिक सायकल अख्खी रात्र पाण्यात होती. आता आठ दिवस उन्हात वाळवलीय, बॅटरीला मीटर लावला तर ३६ व्होल्ट दाखवतोय. चार्जिंगला लावू का?

नका लावू. मीटरवर ३६ दिसले म्हणजे बॅटरी चांगली असं अजिबात नाही. आत पाणी गेलं की बीएमएसच्या बारीक पट्ट्या आणि सेल जोडणाऱ्या निकेलच्या पट्ट्या गंजायला लागतात, गाळ तसाच आत बसतो, आणि चार्जिंगचा करंट सुरू झाला की एखाद्या सेलला नको तेवढा करंट जाऊन आग लागू शकते, कधी लगेच, कधी काही दिवसांनी. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर आपल्याकडं लोकांनी फ्रीज, पंप, मिक्सर धुऊन वाळवून परत चालवले, ती सवय बॅटरीला लावू नका.

बॅटरी सायकलवरून काढा, उन्हातनं उचला, घराबाहेर सावलीत फरशीवर किंवा वाळूवर ठेवा, जवळ सरपण, कडबा, गाडी काही नको. उघडायची नाही, खिळा मारून पाणी काढायचं नाही. घंटागाडीत तर अजिबात टाकू नका, तिथं दबून ती पेटली तर दुसऱ्याच्या जिवावर बेतेल. २०२२ च्या बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्या कंपनीवर आहे, तेव्हा जिथून घेतली तिथं बिल दाखवून परत द्या.

बाकीची सायकल वाचेल. मोटरचं बाजूचं झाकण स्क्रू काढून उघडा, गाळ स्वच्छ पाण्यानं धुवा, पूर्ण वाळवा, बेअरिंग बदला, गिअरला नवं ग्रीस भरा. कंट्रोलरचं बोर्ड बाहेर काढून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशनं घासा, दोन दिवस वाळवा, मग वर पहिल्या उत्तरात लिहिल्याप्रमाणे ओहम मोजा आणि नवीन बॅटरी जोडताना पहिल्यांदा मध्ये ५ अँपिअरचा फ्यूज टाकून, चाक हवेत धरून, अगदी थोडी रेस देऊन बघा. फ्यूज उडाला तर कंट्रोलरला परत उघडायचं, टिकला तर २० चा फ्यूज घालून रस्त्यावर काढायला हरकत नाही. आणि पुढच्या पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी वाढायलंय अशी बातमी आली की सायकल राहू दे, आधी बॅटरी काढून माळ्यावर टाका, तीन-चार किलोचीच असते.